टेकडीवरचा कोन

सर्वेअरांचे थोरले साहेब खाणीच्या तळाशी मेलेले सापडले ते बुधवारी सकाळी. दुपारी बाराच्या सुमारास इन्स्पेक्टर सर्वे ऑफिसात आला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली मोजणीची वही त्याने तपासनीस बाईंच्या टेबलावर ठेवली. त्याच्या बुटांना खाणीतली पांढरी भुकटी लागली होती. तो खुर्चीत बसल्यावर ती फरशीवर सांडली तेव्हा बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"यातलं मला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही वाचा, मी ऐकतो."

बाई सव्वीस वर्षं त्याच खोलीत बसून इतरांच्या चुका शोधत आल्या होत्या. डोंगरातून बोगदा खणला जात होता, दोन्ही बाजूंनी एकदम. आत दोन्ही तोंडं एकमेकांना नेमकी भेटायला हवीत, म्हणून वर उघड्यावर एकाला एक जोडून त्रिकोण मोजत जायचे. सर्वेअर दुर्बिणीतून टोकांवरच्या झेंड्यांवर नेम धरून कोन मोजून आणायचे, बाई वही तपासायच्या आणि खाली सही करायच्या. त्या सहीवर विसंबून चाळीस माणसं रोज डोंगराच्या पोटात शिरत होती. ऑफिसात त्यांना सगळे थोडे टरकूनच असत, आणि बाईंना ते मनातून आवडतही असे.

"मंगळवारी कोण कोण गेलं होतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"तिघं. थोरले साहेब, धाकटा सर्वेअर आणि झेंडेवाला."

"धाकटा सर्वेअर म्हणजे तुमचा भाचा."

"हो. माझ्या बहिणीचा. ती गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून माझ्याकडेच आहे."

"काम कोणी शिकवलं?"

"मीच."

इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि खिशातून कागद काढला. भाच्याचा जबाब त्यावर होता. सकाळी पाण्याच्या टाकीवर पहिला कोन. अकरा ते एक शाळेच्या गच्चीवर दुसरा. मग पूल ओलांडून दीड तासाची चाल, आणि पावणेतीन ते सव्वाचार टेकडीवर तिसरा. साहेब शाळेपाशीच मागे थांबले. झेंडेवाला त्यांच्याबरोबर होता.

"तीनच्या घंटेला शाळेच्या पहारेकऱ्याने साहेबांना खाणीच्या वाटेने जाताना पाहिलं," इन्स्पेक्टर म्हणाला. "डॉक्टर म्हणतात मृत्यू तीन ते चारच्या दरम्यान. नुसतं पडून बोटं अशी मागे वळत नाहीत. त्यांनी काठाचा दगड धरला होता, आणि कोणीतरी तो सोडवला. बोटं मोडलीत, बाई."

बाईंनी वही जवळ ओढली.

"झेंडेवाल्याला धरलाय. मागच्या आठवड्यात साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, त्याने 'बघून घेईन' म्हटलं होतं. काल दुपारी कुठं होतास विचारलं तर आधी म्हणाला घरी, मग म्हणाला झाडाखाली झोपलो होतो. परवा, शुक्रवारी, कोर्टात उभा करतो. अजून कबूल झाला नाही. होईल."

ते 'होईल' त्याने ज्या सुरात म्हटलं, तो बाईंना बिलकूल आवडला नाही. त्यांनी वही उघडली. भाच्याचं अक्षर, मोत्यासारखं. प्रत्येक कोन चार-चार वेळा मोजलेला, शेजारी वेळ टाकलेली, आणि पानाच्या तळाशी सरासरी:

पाण्याची टाकी : ६१ अंश १४ मिनिटं २० सेकंद.
शाळेची गच्ची : ४७ अंश ३८ मिनिटं ५० सेकंद.
टेकडी : ७१ अंश ०६ मिनिटं ५० सेकंद.

बाईंनी पेन्सिलीने बेरीज मांडली. मग पुन्हा मांडली. सव्वीस वर्षांत त्यांनी एकच बेरीज दोनदा क्वचितच केली असेल.

"चूक आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"नाही. बेरीज बरोबर आहे."

"मग तुमचा चेहरा का उतरला?"

"साहेब गेले ना," बाई म्हणाल्या. ते खरंही होतं. "त्यांच्या पिशवीत काय सापडलं?"

"अशाच तीन जुन्या वह्या. तुमच्या भाच्याच्याच."

"त्या मागच्या आठवड्यात माझ्याकडून मागून नेल्या होत्या. कशाला ते सांगितलं नाही."

"प्रत्येक वहीत एकेका कोनाभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल केलाय. दर वेळी त्रिकोणाचा तिसरा कोन. बाजूला दुसरे आकडे लिहिलेत, साहेबांच्या हातचे. त्याचा अर्थ काय?"

"मला बघावं लागेल," बाई म्हणाल्या. त्या तिन्ही वह्यांवर त्यांचीच सही होती. बेरजांमध्ये कुठे चार सेकंदांचा फरक, कुठे सहाचा, कुठे तीनचा. बारा सेकंदांपर्यंतचा फरक ऑफिसात चालतो. इतक्या नेटक्या वह्या बघून त्यांनी तेव्हा भाच्याची पाठ थोपटली होती.

झेंडेवाल्याची बायको पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून होती. संध्याकाळी पाच वाजता बाई तिथं गेल्या, वाकडी वाट करून. का गेल्या ते त्यांना नीटसं सांगता आलं नसतं.

"जेवलीस का?"

"त्यांना आत काही दिलंय का, ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "बाई, ते तापट आहेत, मी कुठं नाही म्हणते? पण तोंडाचेच तापट आहेत. घरात उंदीर निघाला तरी मला मारायला लावतात."

"काल दुपारी घरी का नाही आले?"

"धाकट्या साहेबांनी एक वाजता सांगितलं, तिन्हीकडचे झेंडे उभे आहेत, तुझं काम संपलं, जा. घरी लवकर आले असते तर मी छपराच्या दुरुस्तीला जुंपलं असतं. म्हणून झोपले झाडाखाली. आता हे पोलिसांना कसं सांगणार? लाजले, म्हणून आधी घरी होतो म्हणाले."

"झेंडे नीट लावले होते?"

"त्यावरूनच तर रात्री घरी कुरकुरत होते. वारा नव्हता काल. टाकीवरचं फडकं काठीलाच गुंडाळून बसलं होतं. शेजारी ती वीज पडू नये म्हणून लावलेली सळई, तीही तेवढीच उंच. लांबून बघणाऱ्याने कुठली काठी कुठली ते ओळखायचं कसं, म्हणत होते."

बाईंनी तिला पाण्याची बाटली दिली आणि घरी आल्या. वाटेत दोनदा थांबावं लागलं.

भाचा आधीच आला होता. दोघांचा चहा करून, बाईंच्या कपावर बशी झाकून बसला होता. इतक्या वर्षांत त्याचा हा क्रम चुकला नव्हता.

"मावशी, उशीर झाला."

"काम होतं. तू काही खाल्लंस?"

"इच्छा नाही." त्याचे डोळे सुजले होते. "सारखे साहेब दिसतात."

बाई समोर बसल्या. वहीवरून सर्वेअरला प्रश्न विचारायचे, हा त्यांचा रोजचाच धंदा. तरी आज त्यांनी आधी कपावरची बशी काढून बाजूला ठेवली.

"टेकडीवर किती वाजता पोचलास?"

"अडीचला. वहीत आहे की."

"दुर्बीण कुठं लावलीस?"

"पॉइंटच्या दगडावर. झेंडा काढला, दुर्बीण लावली, झाल्यावर झेंडा परत रोवला."

"शाळेवरचा झेंडा दिसला?"

"स्वच्छ."

"आणि टाकीवरचा?"

"तोही. वारा नव्हता, पण ओळखू आला. झेंडा आणि विजेची सळई, दोन्ही शेजारीशेजारी दिसत होती." तो थांबला. "का गं? वहीत काही राहिलंय का?"

"नाही. काहीच राहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

त्याने हुश्श केलं आणि कप उचलला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. याला चौथ्या वर्षी त्यांनी बोटं मोजायला शिकवलं होतं, चौदाव्या वर्षी दुर्बिणीचा स्क्रू फिरवायला. गप्प बसणं किती सोपं होतं. वहीच्या तळाशी एक सही, की संपलं. झेंडेवाला कोण लागत होता त्यांचा? चहा गार झाला तरी त्या कपाकडे बघत राहिल्या.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्या इन्स्पेक्टरला घेऊन टेकडी चढल्या. दुर्बिणीची पेटी एका हवालदाराच्या डोक्यावर होती आणि तो सगळी वाट पुटपुटत होता. बाई वाटेत कुठंही थांबल्या नाहीत.

वर सगळा उघडा खडक. इन्स्पेक्टरने वाकून वाकून पाहिलं. पायाचा ठसा नाही, दुर्बिणीखालच्या तिकाटण्याची खूण नाही, काही असण्याची शक्यताही नाही.

"इथं तो आला होता की नव्हता, हे हा दगड काही सांगणार नाही," तो म्हणाला.

"दगड नाही सांगणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी झेंडा उपटून दुर्बीण उभी केली. बारा वर्षांत हात लावला नव्हता, पण बोटं विसरली नव्हती. त्यांनी शाळेवर नेम धरला, मग टाकीवर. चार वेळा. मग इन्स्पेक्टरला डोळा लावायला सांगितलं.

"टाकीवर काय काय दिसतं?"

"घुमट. झेंडा."

"आणखी?"

"काही नाही. अजून काय दिसायला हवं?"

"विजेची सळई."

त्याने पुन्हा पाहिलं, बराच वेळ. "नाही बुवा. घुमटाच्या आड असेल."

"इथून ती दिसत नाही, एवढं तुमच्या डायरीत लिहून ठेवा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कोरडा होता की पुटपुटणारा हवालदारही गप्प झाला.

दुपारी तीन वाजता शाळेच्या गच्चीवर चौघं होते. बाई, इन्स्पेक्टर, दाराशी हवालदार, आणि भाचा. त्याला बाईंनीच निरोप पाठवला होता, मोजणीला हात हवाय म्हणून. गच्चीच्या मागच्या कठड्यावरून खाणीचा पांढरा काठ दिसत होता. भाचा त्या बाजूला पाठ करून उभा राहिला.

"टाकीवरचा झेंडा धर आणि टेकडीपर्यंतचा कोन वाच," बाई म्हणाल्या. "आज वारा आहे. फडकं नीट दिसतंय."

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. स्क्रू फिरवला. आणि मग तो फिरवतच राहिला.

"वाच ना."

"सत्तेचाळीस... चौतीस मिनिटं." तो थांबला. "पंधरा सेकंद."

"आता शेजारच्या सळईवर नेम धर."

"मावशी."

"धर."

त्याने धरला. "सत्तेचाळीस, अडतीस, पन्नास."

इन्स्पेक्टरने वही उघडून आकडा पाहिला. "हा तर वहीतला आहे."

"हो. मंगळवारी वारा नव्हता. त्याने झेंडा समजून सळई धरली. कोनात साडेचार मिनिटांची चूक झाली. अशी चूक कोणाकडूनही होते, माझ्याकडूनही झालेली आहे. त्यात पाप काही नाही."

"मग?"

बाई कठड्यावर टेकल्या.

"इन्स्पेक्टरसाहेब, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती?"

"एकशे ऐंशी. तेवढं मलाही येतं."

"म्हणजे दोन कोन हातात असले की तिसरा घरबसल्या काढता येतो. वजाबाकी केली, झालं. परीक्षेत ते चालतं. आमच्याकडे चालत नाही. आमच्याकडे तिसऱ्या पॉइंटपर्यंत चालत जाऊन तो मोजावाच लागतो, कारण पहिल्या दोघांत काही चुकलं असेल तर ते तिसराच सांगतो. आणि मोजलेले तीन कोन बेरजेला कधीच बरोबर एकशे ऐंशी येत नाहीत. डोळा थरथरतो, हवा थरथरते. चार सेकंद कमी, सात सेकंद जास्त, काहीतरी राहतंच. सव्वीस वर्षांत माझ्यापुढे हजारो त्रिकोण आले. मंगळवारची ही बेरीज करून बघा."

इन्स्पेक्टरने ओठ हलवत बेरीज केली. "एकशे ऐंशी. बाकी शून्य."

"बाकी शून्य. तेव्हाच मला संशय आला. तरी म्हटलं, योगायोग असेल. हजारात एखादा होतही असेल. म्हणून आज टेकडीवर गेले. तिथला खरा कोन एकाहत्तर अंश अकरा मिनिटं वीस सेकंद आहे. वहीत सहा मिनिटं पन्नास सेकंद आहे. साडेचार मिनिटांनी कमी. शाळेवरचा कोन जेवढा जास्त झाला, टेकडीवरचा तेवढाच कमी. टेकडीवर उभं राहून माणूस कितीही वेंधळेपणा करू दे, त्याला हा आकडा मिळूच शकत नाही. तिथून सळई दिसतच नाही, तर तिची चूक तिथल्या कोनात शिरेल कुठून? तो आकडा फक्त कागदावर वजाबाकी केली तरच येतो. मंगळवारी हा टेकडीवर गेलाच नव्हता."

मग त्या भाच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तू मला म्हणालास, झेंडा आणि सळई दोन्ही दिसली."

भाचा दुर्बिणीपाशी तसाच उभा होता. हवालदार दोन पावलं पुढे आला. इन्स्पेक्टरने त्याला हातानेच थांबवलं.

"आणि त्या तीन जुन्या वह्या?"

"तेच. साहेब स्वतः जाऊन ते तिसरे कोन पुन्हा मोजून आले. एकही जुळला नाही. महिनोन्‌महिने याने तिसऱ्या पॉइंटवर पाऊल ठेवलं नव्हतं. बोगद्याची दोन तोंडं आता आत भेटतील की नाही, कोण जाणे. साहेब याला सांगायला म्हणूनच खाणीपाशी थांबले असणार, सगळ्यांसमोर नको म्हणून. तसेच होते ते. झेंडेवाल्याला झापलं तेव्हाही नंतर स्वतःच जाऊन समजूत काढली होती."

"शनिवारी वरती कळवणार होते," भाचा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, जेवायला काय आहे असं विचारावं तसा. "मी पाया पडलो. म्हटलं, सगळे पुन्हा मोजून देतो, दोन महिने द्या. म्हणाले, दोन महिन्यांत आत छत कोसळलं तर? मी त्यांचा हात धरला. त्यांनी झिडकारला. मग..."

"मग बोटं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

भाच्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"वही कधी भरलीस?" बाईंनी विचारलं.

"तिथंच. खाणीच्या काठावर बसून. वजाबाकी केली आणि लिहून टाकलं." त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "घाईत फरक घालायला विसरलो."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"आधीच्या वह्यांत घालत होतास?"

"चार, सहा, तीन. तुला खरे वाटतील असे. फार मोठे नाहीत, अगदी शून्यही नाही. तूच शिकवलं होतंस, मावशी, खरी वही कशी दिसते ते." त्याने इन्स्पेक्टरच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "मंगळवारी पाच सेकंद घातले असते, तर तू सही केली असतीस?"

"केली असती," बाई म्हणाल्या. "बघितलंही नसतं मी दुसऱ्यांदा."

हवालदाराने त्याला जिन्याकडे नेलं. तो मुकाट्याने गेला. इन्स्पेक्टर मागे रेंगाळला, टोपी हातात फिरवत.

"बाई, सख्ख्या भाच्याविरुद्ध... तुम्ही नसतं सांगितलं तर मला जन्मात कळलं नसतं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"आत चाळीस माणसं आहेत. आजच काम थांबवा. आणि त्या तीन वह्यांवर माझी सही आहे, तेही तुमच्या कागदात येऊ द्या. त्याचं जे व्हायचं ते होईल, माझंही होऊ द्या."

दुर्बीण पेटीत घालायला इन्स्पेक्टरने त्यांना मदत केली. स्क्रू उलटा फिरवत होता, पण बाईंनी त्याला टोकलं नाही.

ठाण्यात जबाब लिहून द्यायला तास गेला. बाई बाहेर आल्या तेव्हा झेंडेवाल्याची बायको बाकावरून उठली. आत काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. ती फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुझा नवरा सुटतोय," बाई म्हणाल्या. "कागद होतायत. थोड्या वेळात बाहेर येईल."

ती मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, मग डोळे पुसून तिने बाईंचा हात धरला. तिचा हात गरम होता. बाईंना तो सोडवेना.

"मग कोणी केलं होतं, बाई? सापडला का तो?"

"सापडला," बाई म्हणाल्या. "माझा मुलगा."